पटकथांचे मोफत ऑनलाइन ग्रंथालय कसे उभारावे आणि कसे चालवावे

पटकथा लिहायला शिकणाऱ्याला चित्रपट हवे तितके पाहायला मिळतात. ते ज्या कागदांवरून उभे राहिले ते कागद मात्र सहसा हाती लागत नाहीत. कादंबरी आणि नाटक छापून पुस्तकरूपाने बाहेर येते, पटकथा क्वचितच येते, कारण ती सर्वसाधारण वाचकासाठी लिहिलेलीच नसते. दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, नट आणि निर्मिती व्यवस्थापक यांच्यासाठी ती कामाची प्रत असते आणि चित्रीकरण संपले की त्या प्रती कपाटात तरी जातात किंवा रद्दीत तरी. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अनेक हौशी मंडळींनी पटकथांची ऑनलाइन ग्रंथालये चालवली आहेत. असे ग्रंथालय प्रथमच सुरू करू पाहणाऱ्यांसाठी कामाच्या पायऱ्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. किती पटकथा जमवल्या, या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. प्रत्येक पटकथेसोबत ती कोणता मसुदा आहे, कोठून आली आणि कोणाच्या परवानगीने ठेवली आहे हे सांगणारी नोंद असली, तरच शिकणाऱ्याला ती भरवशाने वापरता येते, आणि पुढच्या जवळजवळ सर्व पायऱ्या या नोंदीशीच जोडलेल्या आहेत.

पहिली पायरी: संग्रहात काय घ्यायचे ते ठरवणे

‘पटकथा’ या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळे दस्तऐवज फिरत असतात आणि ते एकमेकांत मिसळले की शिकणाऱ्याचे नुकसान होते. पहिला प्रकार स्पेक स्क्रिप्टचा, म्हणजे कोणी काम दिलेले नसताना लेखकाने स्वतःहून लिहिलेल्या पटकथेचा. ती अनोळखी वाचकाला गुंतवून ठेवण्यासाठी लिहिलेली असल्यामुळे तिच्यात दृश्यांना क्रमांक नसतात, कॅमेऱ्याच्या सूचना अगदी कमी असतात आणि वर्णन नेटके असते. दुसरा प्रकार निर्मिती ठरल्यानंतरच्या मसुद्यांचा. एकाच चित्रपटाचे असे पाच-सहा मसुदे सहज निघतात आणि त्यांतील शेवट, पात्रांची नावे, कधीकधी नायकसुद्धा बदललेला असतो. तिसरा प्रकार शूटिंग स्क्रिप्टचा. दोन्ही समासांत दृश्यक्रमांक, गाळलेल्या दृश्याच्या जागी ‘गाळले’ अशी नोंद, बदललेल्या ओळीसमोर तारांकन आणि ४२ क्रमांकाच्या पानानंतर ‘४२ अ’ असे पान दिसले, तर ती शूटिंग स्क्रिप्ट आहे हे ओळखावे. पानांचे क्रमांक एकदा कायम केले की पुढच्या बदलांमुळे सर्वांच्या हातातील प्रती विस्कटू नयेत, म्हणून ही पद्धत पडली आहे.

चौथा प्रकार चित्रपट पूर्ण झाल्यानंतर तयार होणाऱ्या संहितेचा. डबिंग, उपशीर्षके आणि वितरण यांसाठी शॉटनुसार, वेळेच्या नोंदीसह ती बनवली जाते आणि ती लेखकाने लिहिलेली नसते. पाचवा प्रकार सर्वांत जास्त आढळतो व सर्वांत जास्त फसवतो: कोणा रसिकाने चित्रपट पाहून उतरवून काढलेले संवाद. अशा प्रतीत वर्णन एकतर नसतेच किंवा पडद्यावर जे दिसले त्याचे असते. नवशिक्याने ती पटकथा समजून वाचली, तर लेखकाने कागदावर काय लिहिले होते आणि दिग्दर्शक, संपादक व नटांनी त्यात काय घातले हा भेद, म्हणजे ज्यासाठी पटकथा वाचायची तीच गोष्ट, त्याला कळत नाही. अशी प्रत संग्रहात घेऊ नये असे माझे मत आहे. घेतलीच तर ‘चित्रपटावरून उतरवलेले संवाद’ असा शिक्का पहिल्या पानावरच असावा.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस पटकथा पुरेशा आहेत. सर्व भाषांतील, सर्व काळांतील सर्व काही जमवण्याचा संकल्प सोडून एखादी कक्षा ठरवावी, उदाहरणार्थ लघुपटांच्या पटकथा, मूकपटांच्या संहिता, एकाच भाषेतील पटकथा किंवा एकाच चित्रपटाचे अनेक मसुदे. कक्षा लहान असली की नोंदी नीट होतात.

दुसरी पायरी: हक्क

याच पायरीवर बहुतेक उपक्रम घसरतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. ग्रंथालय मोफत आहे, त्यातून एक पैसाही मिळत नाही आणि हेतू शैक्षणिक आहे, या तीन गोष्टींमुळे दुसऱ्याची पटकथा प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळत नाही. १८८६च्या बर्न करारानुसार, ज्यात जगातील बहुसंख्य देश सामील आहेत, कृती लिहिली गेली की तिचा स्वामित्वहक्क कोणत्याही नोंदणीशिवाय निर्माण होतो. समीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी काही भाग उद्धृत करण्याची सवलत बऱ्याच कायद्यांत आहे, पण संपूर्ण पटकथा जगातील कोणालाही उतरवून घेता (डाउनलोड करता) येईल अशी ठेवणे त्या सवलतीत बसवणे फार कठीण आहे. आपल्याकडील छापील प्रत एका वेळी एकाच वाचकाला डिजिटल स्वरूपात वाचायला द्यायची, ही पळवाटही भक्कम नाही. इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने पुस्तकांबाबत हाच मार्ग धरला होता. प्रकाशकांनी २०२० साली दावा लावला, २०२३ साली निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

मुदत संपलेल्या कृतींबाबत नियम देशोदेशी वेगळे आहेत. बर्न करार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे संरक्षण मागतो. भारतात ही मुदत ६० वर्षे आणि युरोपीय संघात ७० वर्षे आहे, आणि ती मृत्यूच्या वर्षानंतरच्या जानेवारीपासून मोजली जाते. म्हणजे १९६० साली निधन झालेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन भारतात २०२०च्या अखेरीपर्यंत संरक्षित होते. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे असते, त्यामुळे १९२९ साली प्रकाशित झालेल्या कृती तेथे १ जानेवारी २०२५ रोजी मुक्त झाल्या. येथे ‘प्रकाशित’ हा शब्द नीट वाचावा. पटकथा बहुधा प्रकाशित झालेलीच नसते, आणि संस्थेसाठी वेतनावर लिहिलेल्या अप्रकाशित कृतीची मुदत अमेरिकी कायद्यात निर्मितीपासून १२० वर्षे आहे. भारतीय कायद्यात, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे त्या प्रसिद्धीपासून मोजली जातात.

यामुळे चित्रपट मुक्त झाला म्हणून त्याची पटकथाही मुक्त झाली असे गृहीत धरता येत नाही. पडद्यावर जेवढी पटकथा उतरली तेवढी चित्रपटाबरोबरच मुक्त होते असे अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९९८ साली म्हटले आहे, परंतु जी दृश्ये चित्रपटात आलीच नाहीत त्यांना हा तर्क लागू पडत नाही, आणि शिकणाऱ्याला रस असतो तो नेमका त्याच दृश्यांत. आपण जेथे राहतो तेथील आणि सर्व्हर जेथे आहे तेथील, असे दोन्ही कायदे पाहावेत. दोन्हींत फरक असल्यास लांब मुदत धरून चालावे.

हक्क कोणाकडे आहे हा प्रश्न श्रेयनामावली वाचून सुटत नाही. ‘कथा’, ‘पटकथा’ आणि ‘संवाद’ यांचे श्रेय तीन वेगळ्या व्यक्तींना असू शकते आणि तिघांनीही आपापल्या करारांद्वारे हक्क निर्मात्याला दिलेले असू शकतात. पटकथा एखाद्या कादंबरीवर बेतलेली असेल, तर मूळ लेखकाचा हक्क स्वतंत्रपणे उरतो. तिच्यात गाण्यांचे शब्द पूर्ण लिहिलेले असतील, तर गीतकार किंवा संगीत कंपनी हा आणखी एक धागा. निर्मितीसंस्था बंद पडली असेल, तर तिचे हक्क कोणी विकत घेतले हे शोधावे लागते. लेखकाने आनंदाने ‘ठेवा की’ असे म्हटले, तरी परवानगी देण्याचा अधिकार त्याच्याकडे शिल्लक आहे का, हे त्याला त्याचा करार पाहून सांगण्याची विनंती करावी. हे विचारायला संकोच वाटतो खरा, पण हा प्रश्न आधी विचारलेला बरा.

या सर्व छाननीनंतर चार प्रकारची सामग्री निर्धास्तपणे वापरता येते: मुदत संपलेली, हक्कधारकाने लेखी परवानगी दिलेली, क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या खुल्या परवान्याखाली लेखकाने स्वतः दिलेली, आणि चौथी, जी आपण ठेवतच नाही, तिचा फक्त दुवा देतो. हा चौथा मार्ग नवोदित ग्रंथपाल कमी लेखतात. पुरस्कारांच्या हंगामात अनेक स्टुडिओ आपल्या चित्रपटांच्या पटकथा स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे वाचायला ठेवतात आणि बीबीसीही आपल्या मालिकांच्या संहिता लेखकांसाठी उपलब्ध करून देते. त्या फायली उतरवून आपल्याकडे चढवण्याचा हक्क आपल्याला नाही. मात्र त्यांची नीट नोंद करून मूळ जागी वाचकाला पाठवले, तर वाचकाची गरज भागते. हंगाम संपला की काही दुवे मरतात, म्हणून ‘शेवटचे तपासले’ अशी तारीख प्रत्येक दुव्यासमोर लिहावी.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ सालापासून वापरात आहेत आणि त्यांच्या अटी एकसारख्या नाहीत. काही परवाने श्रेय दिल्यास सर्व वापराला मुभा देतात, काही व्यापारी वापर वगळतात, काही रूपांतराला मनाई करतात. ‘मोफत आहे’ एवढे लिहून भागत नाही. परवान्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती नोंदवावी, कारण एखादा विद्यार्थी तीच पटकथा घेऊन लघुपट काढू पाहील आणि त्याला परवानगी आहे की नाही हे आपल्या नोंदीवरूनच कळेल.

फुटलेल्या पटकथांबद्दल शंका नसावी. पानावर आडवे तिडवे पुसट नाव किंवा क्रमांक छापलेला असेल, तर ती प्रत विशिष्ट व्यक्तीला विश्वासाने दिलेली होती. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी आलेली कोणतीही प्रत अधिकृत स्रोताकडून आली नसेल, तर ती परत पाठवावी आणि आपल्याकडे तिची नक्कलही ठेवू नये.

तिसरी पायरी: परवानगीचे पत्र

पत्र लहान आणि नेमके असावे. कोणता मसुदा, कोणत्या स्वरूपात, वाचक तो फक्त वाचणार की उतरवूनही घेणार, किती काळासाठी, आणि परवानगी मागे घेतल्यास किती दिवसांत काढला जाईल, या पाच गोष्टी त्यात याव्यात. मजकूर साधारण असा चालेल:

‘आपल्या अमुक चित्रपटाच्या अमुक तारखेच्या मसुद्याची पीडीएफ प्रत आमच्या विनामूल्य ग्रंथालयात पटकथालेखनाच्या अभ्यासकांना वाचण्यासाठी व वैयक्तिक अभ्यासाकरिता उतरवून घेण्यासाठी ठेवण्याची आपली लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. या परवानगीतून चित्रीकरण, रूपांतर, भाषांतर किंवा पुनर्प्रकाशन यांचा कोणताही हक्क आम्हाला अथवा वाचकांना मिळणार नाही. आपण कळवल्यास सात दिवसांच्या आत प्रत काढून टाकली जाईल. या पटकथेचे हक्क आपल्याकडे आहेत की निर्मितीसंस्थेकडे, हेही कृपया कळवावे.’

अलीकडे हक्कधारक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रप्रशिक्षणासाठी होणाऱ्या वापराबद्दलही विचारतात. आपण स्वयंचलित वाचकयंत्रांना आपल्या संकेतस्थळावर मनाई केली आहे एवढे सांगता येते. ती मनाई प्रत्येक यंत्र पाळतेच असे आश्वासन मात्र देऊ नये. उत्तर आले नाही, तर ते नकार समजावे. मौनाला होकार मानून चढवलेली पटकथा पुढे काढून टाकावी लागते आणि मग त्या हक्कधारकाशी पुन्हा बोलणे अवघड होते.

आलेले प्रत्येक पत्र पीडीएफ करून त्या पटकथेच्या दाखलक्रमांकाखाली (पाचवी पायरी पाहा) जपावे. निव्वळ दूरध्वनीवर मिळालेली परवानगी त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावी आणि तिला ‘होय’ असे उत्तर मागावे.

चौथी पायरी: तक्रार आली तर

इतकी काळजी घेऊनही कधीतरी तक्रार येते. त्यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी संपर्काचा पत्ता असावा आणि तो कोणीतरी रोज पाहणारा असावा. अमेरिकेच्या १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात तक्रारीवरून मजकूर काढणाऱ्या सेवांना संरक्षण आहे. त्यासाठी तेथील कॉपीराइट कार्यालयात प्रतिनिधीचे नाव नोंदवावे लागते आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. भारताच्या २०१३च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे, योग्य तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची असते, आणि तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर २१ दिवसांनंतर ती पुन्हा उघडता येते. मात्र ही संरक्षणे मुख्यतः इतरांनी चढवलेला मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थांसाठी आहेत. आपण स्वतः निवडून, स्वतः चढवलेल्या पटकथेच्या बाबतीत त्यांचा आधार घेता येईल असे समजू नये.

तक्रार आल्यास आधी प्रत काढावी, मग तपासावे. नोंदीचे पान मात्र जागेवर ठेवून तेथे ‘हक्कधारकाच्या विनंतीवरून काढली’ असे तारखेसह लिहावे, म्हणजे शोधत येणाऱ्या वाचकाला फाइल हरवली आहे की काढली आहे ते कळते.

पाचवी पायरी: नोंद

छापील ग्रंथालयात पुस्तक आले की आधी दाखलनोंद होते आणि मग ते कपाटात जाते. येथेही तोच क्रम पाळावा: दाखलक्रमांक पडल्याशिवाय फाइल चढवू नये. हा क्रमांक कधीही दुसऱ्या पटकथेला देऊ नये, अगदी पहिली काढून टाकली असली तरी. नोंदीत पुढील माहिती असावी: चित्रपटाचे मूळ भाषेतील नाव आणि इतर प्रचलित नावे, मसुद्यावर छापलेले नाव, कारण कामचलाऊ नाव वेगळे असू शकते, कथा, पटकथा व संवाद यांचे श्रेय जसे कागदावर आहे तसे आणि जसे पडद्यावर आले तसे, दोन्ही, मसुद्याचा प्रकार व त्यावरील तारीख, पानांची संख्या, भाषा आणि लिपी, कोणाकडून मिळाली, हक्काची स्थिती व परवान्याचे नाव, आणि प्रतीतील दोष, म्हणजे गहाळ पाने, हाताने केलेल्या दुरुस्त्या, पुसट मजकूर.

तारीख नसलेला मसुदा आला, तर अंदाजाने तारीख लिहू नये. ‘तारीख नाही, दृश्यक्रमांक आहेत, त्यामुळे निर्मितीकाळातील असावा’ असे कारणासह लिहिणे अधिक उपयोगी पडते. ग्रंथालयशास्त्रात डब्लिन कोर नावाची पंधरा घटकांची एक प्रमाण चौकट आहे. निर्माता, शीर्षक, दिनांक, स्रोत, हक्क हे रकाने तिच्यात तयारच मिळतात. सुरुवातीपासून तिच्या जवळपास राहिले, तर पुढे मोठ्या सूचींशी आपली सूची जोडताना सर्व नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. विकिडेटा या खुल्या माहितीकोशातील चित्रपटाचा क्रमांक नोंदीत टाकला की एकाच नावाच्या दोन चित्रपटांचा गोंधळही टळतो. हे सर्व एका साध्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, उत्तम चालते.

सहावी पायरी: फाइल तयार करणे

मिळालेली मूळ फाइल जशीच्या तशी एका बाजूला ठेवावी आणि वाचकांसाठीची प्रत तिच्यावरून बनवावी. कागदावरून स्कॅन करायचे असल्यास ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) हे किमान प्रमाण धरावे आणि स्कॅन रंगीत करावे. काळ्या-पांढऱ्या स्कॅनने फाइल लहान होते हे खरे, पण अमेरिकी पद्धतीच्या निर्मितीत प्रत्येक फेरीतील बदललेली पाने वेगळ्या रंगाच्या कागदावर छापतात, साधारणपणे पांढरा, निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा अशा क्रमाने. कोणते दृश्य कोणत्या फेरीत बदलले हे त्या रंगांवरूनच कळते, आणि ती माहिती एकदा गेली की परत मिळत नाही.

स्कॅननंतर अक्षरओळख करून घ्यावी. टेसरॅक्ट हे त्यासाठीचे मोफत साधन बऱ्याच भाषा आणि लिप्या वाचते. टंकलेखन यंत्रावरील पुसट प्रतींत चुका होतातच, म्हणून निदान पात्रांची नावे आणि दृश्यशीर्षके हाताने तपासावीत, कारण वाचकांचा शोध बहुतेक त्यांवरच चालतो. देवनागरीतील पटकथांबाबत आणखी एक अडचण येते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली फाइल डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसते, पण तिच्यातील वाक्य उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवले की रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. ही चाचणी प्रत्येक फाइलवर करावी; नापास झालेली फाइल रूपांतरित करून घ्यावी आणि जोडाक्षरे व रफार विशेष बारकाईने पाहावेत.

पानाची मांडणी बदलू नये. इंग्रजी पटकथेचा प्रमाण साचा म्हणजे बारा पॉइंटचा कुरिअर हा फाँट, ज्यात एका इंचात दहा अक्षरे बसतात, बांधणीसाठी डावीकडे दीड इंचाचा समास आणि पानावर साधारण ५५ ओळी. एक पान म्हणजे पडद्यावरचे अंदाजे एक मिनिट, हा ठोकताळा या साच्यावर उभा आहे. मजकूर सुटा करून साध्या लेखासारखा लावला, तर संवाद आणि वर्णन यांचे प्रमाण, पानावरील मोकळी जागा आणि दृश्याची लांबी या तिन्ही गोष्टी वाचकाच्या हातून जातात. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असल्यामुळे तो ठोकताळा तेथे जसाच्या तसा लागू होत नाही, ही सूचनाही वाचकाला द्यावी.

दीर्घकाळ टिकण्यासाठी पीडीएफ-ए हे प्रमाणित स्वरूप चांगले, कारण त्यात फाँट फाइलच्या आतच बांधलेले असतात. लेखकाकडून फाउंटन किंवा एफडीएक्स (फायनल ड्राफ्ट या पटकथालेखनाच्या प्रणालीचे स्वरूप) यांतील फाइल मिळाली, तर तीही जपावी. फाउंटन हा निव्वळ साधा मजकूर आहे आणि कोणत्याही संगणकावर तो उघडतो. शिवाय पडदावाचक (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना स्कॅन केलेल्या चित्रांपेक्षा तो कितीतरी सोयीचा पडतो.

शीर्षकपान चढवण्याआधी नीट वाचावे. तेथे लेखकाचा किंवा त्याच्या प्रतिनिधीचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, कधी नोंदणी क्रमांकही असतो. हे सर्व झाकणे आपले कर्तव्य आहे. मात्र पीडीएफवर काळा चौकोन काढल्याने खालचा मजकूर जात नाही, तो निवडून चिकटवता येतो. ती ओळ खरोखर काढून टाकावी किंवा त्या पानाचे चित्र करून पुन्हा जोडावे, आणि फाइलच्या आतील गुणधर्मांत राहिलेली नावेही पुसावीत.

सातवी पायरी: जागा, खर्च आणि सुरक्षित प्रती

तांत्रिक बाजू लोकांना वाटते तितकी अवघड नाही. नोंदींच्या तक्त्यावरून साधी स्थिर पाने तयार करणारी ह्यूगो किंवा जेकिल यांसारखी मोफत साधने पुरतात. डेटाबेस नसल्यामुळे ती पाने बिघडण्याची आणि फोडली जाण्याची शक्यताही कमी असते. संगणकावरच तयार झालेली १२० पानांची पटकथा साधारण अर्ध्या मेगाबाइटच्या आत बसते, तर तेवढ्याच पानांचे रंगीत स्कॅन २० मेगाबाइट किंवा त्याहून मोठे होऊ शकते. म्हणजे पहिल्या प्रकारच्या ५०० पटकथा पाव गीगाबाइटमध्ये मावतात, दुसऱ्या प्रकारच्या दहा गीगाबाइट घेतात. खर्चाचा अंदाज करताना साठवणुकीपेक्षा वाहतूक पाहावी: वीस मेगाबाइटची एकच फाइल हजार जणांनी उतरवली की वीस गीगाबाइट जातात. म्हणून स्कॅनची हलकी प्रत वाचनासाठी आणि भारी प्रत जतनासाठी, अशा दोन प्रती ठेवाव्यात.

सुरक्षित प्रतींचा सर्वमान्य नियम असा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ ही तपासणीसंख्या, जी फाइल जराही बदलली की बदलते, नोंदवून वर्षातून दोनदा ताडून पाहावी. परवानग्यांची पत्रेही या प्रतींत असावीत. पटकथा राहिली आणि पत्र गेले, तर ती पटकथा पुढे ठेवता येत नाही.

आठवी पायरी: वाचकासाठी वाटा

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. पटकथांच्या ग्रंथालयात त्याचा अर्थ वर्णानुक्रमे यादीच्या पुढे जाणे असा होतो. शिकणारा बहुधा एखादी अडचण घेऊन येतो: दोनच पात्रे आणि एकच खोली घेऊन नव्वद पाने कशी भरायची, निवेदन कोठे थांबवायचे, भूतकाळातील प्रसंग कागदावर कसा दाखवायचा. म्हणून कथेतील स्थळांची संख्या, प्रमुख पात्रे, कालक्रमाची मांडणी, निवेदनाचा वापर आणि पानांची संख्या यांवरून शोधता आले पाहिजे. ही माहिती यंत्राकडून येत नाही. पटकथा वाचून ती भरावी लागते, आणि ग्रंथपालाचा खरा वेळ यातच जातो. सहकारी मिळाले तर त्यांना पहिल्यांदा हेच काम द्यावे.

एकाच चित्रपटाचे दोन मसुदे मिळाले, तर ते एका पानावर शेजारी ठेवून कोणती दृश्ये गाळली, जोडली किंवा हलवली याची छोटी तुलना लिहावी. पुनर्लेखन म्हणजे नेमके काय हे दहा पुस्तकी नियमांपेक्षा अशा एका तुलनेतून लवकर समजते.

नवोदितांनी स्वतः लिहिलेल्या, चित्रपट न झालेल्या पटकथा घ्याव्यात का, हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो. सुरुवातीला घेऊ नयेत असे मी म्हणेन. एकतर शिकण्यासाठी ठेवलेल्या संग्रहात त्यांची सरमिसळ होते. दुसरे म्हणजे पुढे एखादा चित्रपट तशाच कल्पनेवर आला, तर ‘माझी पटकथा तुमच्याकडून चोरली’ हा वाद आपल्या दारात येतो. घ्यायच्याच ठरवल्या, तर विभाग वेगळा असावा, लेखक अठरा वर्षांवरील असावा, पटकथा त्याचीच आहे असे लेखी घ्यावे आणि ती कोणालाही वाचता येईल याची स्पष्ट कल्पना त्याला द्यावी. काही स्पर्धा आधी प्रसिद्ध झालेले लेखन स्वीकारत नाहीत, हेही पाठवण्यापूर्वीच सांगावे.

नववी पायरी: नेहमीची कामे आणि वारस

ग्रंथालय सुरू झाल्यावर दर आठवड्याला पत्रव्यवहार, दर महिन्याला दुव्यांची तपासणी आणि दर जानेवारीत मुदतींची उजळणी एवढी कामे नियमाने करावी लागतात. १ जानेवारीला नव्याने मुक्त झालेल्या कृतींची यादी आदल्या डिसेंबरातच तयार असावी. मुदतीने दिलेल्या परवानग्या संपण्याच्या तारखा दिनदर्शिकेत टाकाव्यात. देणग्या किंवा जाहिराती घेण्याचा विचार असल्यास त्याआधी सर्व परवानग्या पुन्हा वाचाव्यात, कारण अव्यापारी वापरापुरती दिलेली परवानगी जाहिरातीच्या शेजारी टिकेलच असे नाही.

एकट्याने चालवलेले ग्रंथालय बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात: डोमेनचे नूतनीकरण राहून जाते, संकेतशब्द एकालाच ठाऊक असतो, आजारपण येते. म्हणून पहिल्या वर्षाच्या आत दुसऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे सर्व संकेतशब्द, नोंदींचा तक्ता आणि परवानग्यांची पेटी यांची प्रत असावी. परवानगीच्या पत्रातच ‘ग्रंथालय दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे सोपवल्यास ही परवानगी तिलाही लागू राहील’ हे वाक्य घालून ठेवावे. ते नसेल, तर हस्तांतराच्या वेळी प्रत्येक हक्कधारकाला पुन्हा पत्र लिहावे लागते, आणि तोवर त्यांच्यातील कित्येकांचे पत्ते बदललेले असतात.